अकरा हजार फोटोंची नावं एका दमात बदलण्याआधी

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: गावच्या वाचनालयात एका जुन्या मासिकाचे 1921 ते 1954 या काळातले मिळाले तेवढे अठरा बांधीव खंड आहेत. तुम्ही आणि दोन विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन कॅमेऱ्यांनी त्यांची पानं टिपली. आता बाहेरच्या हार्डडिस्कवर 11,840 फोटो आहेत, त्यांची नावं ‘आयएमजी_0001’, ‘आयएमजी_0002’ अशी, आणि कुठला फोटो कुठल्या अंकातला हे फक्त फोल्डरवरच्या तारखेवरून कळतं. एका विद्यार्थ्याने पायथन या संगणकभाषेत बारा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली आहे. ती चालवली की प्रत्येक फोटोला वर्ष-महिना-पान असं नाव मिळेल, असं त्याचं म्हणणं. ती चालवावी का, आणि नावं मराठीत ठेवली तर चालतील का, हे तुम्ही विचारलंय.

इतक्यात चालवू नका. स्क्रिप्ट वाईट आहे म्हणून नाही. तिच्यात दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत म्हणून. कुठल्या फोटोला काय नाव द्यायचं हे ठरवणं हे एक काम, आणि ते नाव प्रत्यक्ष देणं हे दुसरं. पहिलं काम तुमचं आहे, कारण मासिक तुम्ही वाचलंय, संगणकाने नाही. दुसरं काम संगणकाचं. या दोन्हींच्या मधे एक कागद हवा: डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं नाव, 11,840 ओळी. तो कागद आधी तयार होऊ द्या, तुम्ही तो तपासा, आणि मग स्क्रिप्टने फक्त त्या कागदाबरहुकूम काम करावं. स्वतःच्या डोक्याने तिने काहीच ठरवू नये.

हे मी इतकं ठासून सांगते, त्याला कारण आहे. मी गेली सोळा वर्षं जुनी कागदपत्रं स्कॅन करून जतन करण्याचं काम करते. सुरुवातीच्या काळात एका घराण्याचे जमिनीचे कागद आणि पत्रं टिपायला गेले होते. 1,312 फोटो झाले. फोटो काढल्याची तारीख आणि वेळ कॅमेरा फोटोच्या आतच नोंदवतो, तीच वाचून फाइलला नाव द्यावं अशी मी स्क्रिप्ट लिहिली. रात्री लिनक्सवर (विंडोजसारखीच संगणक चालवणारी एक यंत्रणा) चालवली, चार-पाच सेकंदांत संपली, कसलीही तक्रार आली नाही. सकाळी मोजले तर 1,287 फोटो. घाईत काही ठिकाणी दोन वेगळी पानं एकाच सेकंदात टिपली गेली होती. वेळ सेकंदापर्यंतच वाचली, म्हणून दोघांना एकच नाव मिळालं, आणि दुसरी फाइल पहिलीच्या जागी जाऊन बसली. कॅमेऱ्याचं कार्ड मी आदल्याच रात्री रिकामं केलं होतं. पंचवीसपैकी एकोणीस कागद परत टिपता आले. उरलेले सहा ज्या गठ्ठ्यात होते तो तोवर घरातल्या वाटणीत दुसऱ्या गावी गेला होता, आणि तो मला परत कधी पाहायला मिळाला नाही. त्या सहा कागदांची हुरहुर अजून जात नाही.

नाव बदलणं म्हणजे आत काय होतं हे एकदा कळलं की ही भीती नेमकी कशाची ते लक्षात येतं. फोटोचा मजकूर डिस्कवर जागच्या जागी राहतो. बदलते ती फोल्डरच्या नोंदवहीतली एक ओळ. म्हणून फाइल 5 एमबीची असो वा 5 जीबीची, नाव त्याच क्षणी बदलतं, आणि अकरा हजार नावं बदलायलाही फार वेळ लागत नाही. चूक झाली हे कळून थांबवायला जाल तोवर काम उरकलेलं असतं. (एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेताना मात्र खरी नक्कल करून मूळ पुसलं जातं. ते वेगळं काम, ते यात मिसळू नका.)

नवं नाव आधीच कुणाचं असेल तर काय होतं, हे यंत्रणेवर अवलंबून आहे. पायथनची ‘रिनेम’ आज्ञा विंडोजवर अशा वेळी चूक दाखवून थांबते; लिनक्सवर आणि मॅकवर ती निमूटपणे जुनी फाइल उडवून नवी तिथे ठेवते. ‘रिप्लेस’ ही आज्ञा तर सगळीकडेच उडवते. तुमचा लॅपटॉप विंडोजचा आहे म्हणजे फाइल उडणार नाही, पण स्क्रिप्ट समजा 4,316 व्या फोटोपाशी अडकली तर तिथवरची नावं बदललेली, पुढची नाहीत, आणि परत सुरू केली तर बदललेल्यांवरच ती पुन्हा हात फिरवणार. अर्धवट बदललेलं फोल्डर निस्तरायला मला एकदा तीन दिवस लागले आहेत.

म्हणून सर्वांत आधी सगळ्या फोटोंची एक पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर करा आणि ती डिस्क कपाटात ठेवून द्या. तिच्यावर काही करायचं नाही, उघडायचीही नाही. नंतर प्रत्येक फाइलचा हॅश काढून ठेवा. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला लांबलचक आकडा, तिच्या अंगठ्याच्या ठशासारखा. नाव बदललं तरी तो बदलत नाही, मजकुरातला एक बिंदू बदलला तरी बदलतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा यासाठी तयारच आहे. सगळं झाल्यावर पुन्हा हॅश काढायचे. दोन्ही वेळचे 11,840 ठसे जुळले तर एकही पान हरवलं नाही हे नुसतं वाटणं राहत नाही, तुमच्या हातात पुरावा असतो.

आता यादी, म्हणजे वर म्हटलेला तो कागद. ती स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुरात, म्हणजे सीएसव्हीत, स्क्रिप्टकडूनच करून घ्या: फोल्डर, जुनं नाव, कुठला कॅमेरा, टिपल्याची वेळ, हॅश. हे रकाने यंत्र भरेल. खंड, अंक, क्रम, छापील पान, शेरा आणि नवं नाव हे रकाने तुम्ही भरायचे. विद्यार्थ्याला सांगा, फाइल लिहिताना ‘यूटीएफ-8-सिग’ हे एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) घे. नुसतं यूटीएफ-8 घेतलं तर एक्सेल मराठी अक्षरांचा चिवडा करून दाखवतं. एक्सेलची आणखी एक खोड इथे फार नडते. तुम्ही एखाद्या घरात ‘007’ लिहिलंत तर ते ‘7’ करतं, आणि ‘1928-03’ लिहिलंत तर ती तारीख समजून ‘मार्च-28’ करून टाकतं. गंमत अशी की 1900 च्या आधीची तारीख एक्सेलला कळतच नाही, त्यामुळे ‘1895-03’ ते जसंच्या तसं ठेवतं. एकोणिसाव्या शतकात सुरू होऊन विसाव्यातही चाललेल्या एका नियतकालिकावर काम करताना निम्म्या रकान्याच्या तारखा झाल्या आणि निम्मा मजकूरच राहिला. वरवर पाहताना वरच्या शंभर ओळी ठीक दिसल्या म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. उपाय सोपा आहे: फाइल दोनदा टिचकी मारून उघडायची नाही, ‘डेटा’ मेनूतून आत आणायची आणि सगळे रकाने ‘टेक्स्ट’ ठरवायचे.

तुमचं खरं काम अडेल ते कॅमेऱ्यांपाशी. दोन कॅमेरे म्हणजे ‘आयएमजी_0001’ दोन असणार. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांत फाइलच्या नावात चारच आकडे असतात, 9999 झालं की गणती पुन्हा 0001 वर येते. कॅमेरे तुमचे आधीपासून वापरातले असतील तर एकाच कॅमेऱ्यातही तीच नावं दोनदा आली असतील. म्हणून नुसतं नाव ही ओळख धरू नका. फोल्डर, कॅमेरा आणि नाव मिळून ओळख. सगळे फोटो आधी एका फोल्डरात ओतायचे आणि मग नावं बदलायची हा मोह होतो. ओततानाच विंडोज ‘बदलू का, सोडू का’ विचारतं, रात्री अकरा वाजता कुणीतरी ‘सगळ्यांना हो’ दाबतं, आणि संपलं.

तुमच्या मांडणीत डावा कॅमेरा डावं पान टिपतो, उजवा उजवं. मराठी पुस्तकात विषम आकडा उजव्या पानावर असतो. पहिल्यांदा खंड उघडून टिपलात तेव्हा उजवीकडे पान 1 आणि डावीकडे मुखपृष्ठाची आतली बाजू आली असेल, तिला शून्य धरू. मग कितव्यांदा उघडलं त्या आकड्याची दुप्पट करून उजव्या फोटोसाठी एक वजा करायचा, डाव्यासाठी दोन. दहाव्या उघडणीला उजवीकडे पान 19, डावीकडे 18. हे गणित स्क्रिप्ट सहज करेल, आणि विद्यार्थ्याने तेच लिहिलं असणार. पण माणूस उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता पानं उलटतो तेव्हा गणितासारखा वागत नाही. कधी दोन पानं चिकटून एकदम उलटतात. कधी एका कॅमेऱ्याचं बटण लागत नाही, दुसऱ्याचं लागतं. कधी फोटो हलला म्हणून तेच पान परत टिपलं जातं, आणि हललेला पुसायचा राहतो. असं एकदा झालं की तिथून खंडाच्या शेवटापर्यंत फोटो आणि पानांचे आकडे एकमेकांपासून सरकतात. नावं सगळी सुबक, ओळीने लागलेली, आणि सगळी चुकीची.

याला मी करते ते सांगते. यादी तयार झाल्यावर प्रत्येक खंडात दर पन्नासावा फोटो उघडायचा आणि त्यावरचा छापील आकडा यादीतल्या आकड्याशी ताडायचा. जुळला तर पुढे. नाही जुळला तर आधीच्या पन्नासाच्या मधला, मग त्याच्या अर्ध्यातला, असं करत सरकलेली जागा पाच-सहा फोटोंत सापडते. 658 पानांच्या खंडाला तेरा फोटो उघडावे लागतात, चहा संपेपर्यंत होतं. दोन कॅमेऱ्यांच्या टिपल्याच्या वेळाही उपयोगी पडतात. दोघांची घड्याळं सेकंदाला जुळलेली नसतील, पण फरक कायम असतो. समजा उजवा कॅमेरा सतत 43 सेकंद पुढे आहे. यादीत हा फरक एका रकान्यात काढला की जिथे तो एकदम बदलतो तिथे एक बटण चुकलेलं असतं. एका ग्रंथालयाच्या कामात या एका रकान्याने सतरा सरकलेल्या जागा दाखवल्या होत्या.

आता नावात काय घालायचं. वर्ष-महिना-पान ही विद्यार्थ्याची कल्पना चटकन पटते, पण जुन्या मराठी मासिकांना ती बसत नाही. कारण एक, तुम्हीच लिहिलंय की काही अंकांवर ‘शके 1849, माघ’ असं छापलंय. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो हे आपण शाळेत शिकलो, आणि स्क्रिप्टही तेच करेल: 1927. पण शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. शके 1849 चा चैत्र 1927 च्या एप्रिलात, आणि त्याच शकाचा माघ 1928 च्या जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे माघ-फाल्गुनाला 79 मिळवायचे, पौषाला दोन्हींपैकी कुठलंही लागू शकतं. 78 सरसकट मिळवलेत तर माघाचा अंक चैत्राच्या आधी जाऊन बसतो. कारण दोन, अधिक महिना. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी तो येतो; त्या वर्षी श्रावण दोन असतील तर अंकही दोन असू शकतात, आणि दोघांचं नाव एकच होणार. कारण तीन, जोडअंक. कागदटंचाईच्या काळात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धात, दोन महिन्यांचा मिळून एक अंक काढावा लागणं नवलाचं नव्हतं. आणि महिन्याचं नाव अक्षरात घातलंत तर क्रमच बिघडतो: संगणकाच्या अक्षरक्रमाने वर्ष एप्रिलने सुरू होतं, मग ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून, आणि शेवटी सप्टेंबर.

मासिकाच्या संपादकांनी हा प्रश्न आपल्यासाठी आधीच सोडवून ठेवलाय. मुखपृष्ठावर पाहा: ‘वर्ष 7 वे, अंक 3 रा’. तोच क्रम घ्या. मासिकाच्या नावाची दोन रोमन अक्षरं, वर्ष दोन आकड्यांत, अंक दोन आकड्यांत, आणि अंकातला क्रम तीन आकड्यांत. ‘केएम-07-03-017’ असं काहीतरी. पुढची शून्यं गाळू नका, नाहीतर 1 नंतर 10 आणि मग 2 अशी रांग लागते. जोडअंकाला पहिला आकडा द्यायचा आणि शेऱ्यात ‘अंक 2-3 जोड’ लिहायचं. शक, महिना, इसवी सन हे सगळं यादीच्या रकान्यांत राहील. तिथे चूक सापडली तर रकाना दुरुस्त होतो, फाइलला हात लावावा लागत नाही.

क्रम म्हणजे छापील पान नव्हे, हेही लक्षात घ्या. तीन आकडे अंकातल्या टिपलेल्या क्रमाचे आहेत. जुन्या मासिकांत जाहिरातींच्या पानांना आकडा नसतो, चिकटवलेल्या चित्रांना नसतो, आणि पुष्कळदा पानांचे आकडे वर्षभर सलग चालतात, म्हणजे ज्येष्ठाचा अंक पान 129 ने सुरू होतो. छापील आकडा यादीत वेगळा ठेवा. उद्या कुणी अभ्यासक ‘पान 143’ असा संदर्भ घेऊन आला तर यादीत शोधून त्याला फाइल देता येते. जाहिरातींची पानं मात्र टाकू नका. साबणाची, सायकलीची, नाटकमंडळ्यांची ती जाहिरात कित्येकदा लेखापेक्षा जास्त सांगते.

नावं मराठीत चालतील का? चालतात. विंडोज, मॅक, लिनक्स, तिघांनाही देवनागरी नावं नीट कळतात. आणि आपल्या वाचनालयातल्या फाइली आपल्या लिपीत असाव्यात ही तुमची इच्छा मला मनापासून समजते. तरीही फाइलच्या नावात मी देवनागरी घालत नाही. फोल्डरच्या नावात घालते, यादीत तर सगळंच मराठीत. कारण संगणक अक्षरं पाहत नाही, चिन्हांचे आकडे पाहतो, आणि मराठीत एकसारखं दिसणारं एकच अक्षर दोन तऱ्हांनी टंकलेलं असू शकतं. ‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला तो आडवा, चंद्रकोरीसारखा र काही कळफलक नुक्तेवाल्या (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’ ला हलन्त लावून काढतात, काही साध्या ‘र’ ला हलन्त लावून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधायला गेलात तर एक सापडेल, दुसरं नाही. आणि एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दिसणाऱ्या दोन फाइली शेजारी शेजारी बसतील. ‘ॲ’ चंही तेच. या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना आकडे देणाऱ्या पद्धतीत, स्वतःचं स्थान 2008 साली मिळालं, त्याआधी आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी ‘अ’ वर चंद्र देऊन ते लिहितात. अशी नावं एका साच्यात आणण्याची सोय पायथनमध्ये आहे, तिला ‘नॉर्मलाइझ’ म्हणतात. पण ती नुक्त्याचा गोंधळ सोडवते, ॲ चा आणि त्या न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा नाही. ते दोन आपल्याला हाताने नियम घालून सारखे करावे लागतात. यादीतल्या मराठी रकान्यांसाठी ते जरूर करा, म्हणजे शोध नीट चालेल.

लांबीचाही प्रश्न आहे. लिनक्सवर नावाला 255 बाइटची मर्यादा, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘ज्ञा’ डोळ्यांना एक अक्षर, आत चार चिन्हं, बारा बाइट. लेखाचं पूर्ण शीर्षक नावात घालायला गेलात तर 85 चिन्हांत सगळं संपतं. विंडोजवर फोल्डरांसकट पूर्ण पत्त्याला सहसा 260 चिन्हांची मर्यादा लागते. त्यात तुमचं मासिक 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं, ‘नांव’, ‘कां’, ‘जेव्हां’ असे अनुस्वार जागोजागी. शीर्षक छापलंय तसंच नोंदवायला हवं, आणि त्याची जागा यादीत आहे.

मग स्क्रिप्ट. विद्यार्थ्याची बारा ओळींची आहे, ती आता साठ-सत्तर ओळींची होईल, आणि त्यातल्या पन्नास नुसत्या तपासण्या असतील. त्याला हे असंच सांगा. आधी यादी वाच. यादीतलं प्रत्येक जुनं नाव डिस्कवर खरोखर आहे का बघ, आणि डिस्कवरची एखादी फाइल यादीत यायची राहिलीय का तेही बघ. (मॅकवरून आलेल्या पेनड्राइव्हवर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या पिटुकल्या फाइली असतात, विंडोजची स्वतःची ‘थम्ब्स’ नावाची असते, त्या बाजूला काढ, पण मोजून.) कुठलंही नवं नाव दोनदा आलंय का बघ, आणि बघताना लहान-मोठ्या रोमन लिपीचा फरक सोडून दे, कारण विंडोजला ‘जेपीजी’ मोठ्या लिपीत असो की लहान, दोन्ही एकच. नावात विसर्गासारखा दिसणारा कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन, अवतरणचिन्ह, तिरकी रेघ नको. शेवटी टिंब किंवा मोकळी जागा नको. यातलं एक जरी चुकलं तर एकही नाव न बदलता थांब आणि कुठल्या ओळीत काय चुकलं ते सांग.

सगळं बरोबर असेल तरी पहिल्या खेपेला नुसतं लिहून दाखव: अमुकचं अमुक होणार. बदलू नको. ही कोरडी फेरी मी आजही प्रत्येक वेळी करते, वीस फाइली असल्या तरी.

आणि खरं बदलताना दोन टप्प्यांत बदल. याचं कारण तुम्हाला लवकरच भेटेल. समजा नावं देऊन झाली आणि महिन्याने कळलं की एका अंकातलं सतरानंतरचं एक पान टिपायचंच राहिलं होतं. ते टिपलंत, आता ते 018 व्हायला हवं, म्हणजे आताचं 018 झालं पाहिजे 019, 019 चं 020, आणि असं 056 पर्यंत. स्क्रिप्ट वरून सुरू झाली तर 018 ला 019 करायला जाईल आणि 019 तिथे बसलेलंच आहे. शेवटाकडून सुरू केलं तर जमतं, पण दोन पानांची अदलाबदल करायची असेल तर तेही जमत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात सगळ्यांना एक तात्पुरतं, कुणाशीच न जुळणारं नाव द्यायचं, आणि सगळी मोकळी झाली की दुसऱ्या टप्प्यात खरं नाव. पाटावरच्या ताटांची जागा बदलताना आपण आधी ती उचलून बाजूला ठेवतो, तसं.

प्रत्येक बदल करायच्या आधी स्क्रिप्टने जुन्या-नव्या नावाची एक ओळ नोंदवहीत, म्हणजे एका वेगळ्या फाइलीत, लिहायची आणि ती लगेच डिस्कवर उतरवायची; वीज गेली, डिस्कची वायर हलली तरी कुठवर आलो होतो ते कळतं. उलटं फिरायचं असेल तर हीच नोंदवही शेवटाकडून वाचून प्रत्येक नाव परत करायचं. उलटी फिरवणारी स्क्रिप्ट आधी लिहून, वीस फोटोंच्या नकलेवर पुढे आणि मागे चालवून बघितल्याशिवाय मूळ कामाला हात लावू नका.

स्क्रिप्ट नकोच असेल तर विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवरटॉइज’ या मोफत संचात ‘पॉवररिनेम’ आहे, मॅकच्या फाइंडरमध्ये बऱ्याच फाइली निवडून नाव बदलायची सोय आहे, लिनक्सवर ‘थुनार’ या फाइली हाताळायच्या प्रोग्राममध्ये आहे. नवं नाव आधी दाखवतात, शब्द बदलणं आणि आकडे लावणं उत्तम करतात. लग्नाच्या तीनशे फोटोंना मी तेच सुचवेन. तुमच्या कामाला ती पुरी पडणार नाहीत, कारण तुमच्या प्रत्येक नावामागे एक निर्णय आहे आणि तो लिहून राहिला पाहिजे.

दोन बारीक गोष्टी. हार्डडिस्क एखाद्या ऑनलाइन साठवणीशी जोडलेली असेल तर काम चालू असताना ते जुळवणं बंद ठेवा. आणि कॅमेऱ्याने एकाच फोटोच्या दोन फाइली केल्या असतील, एक कच्ची (‘रॉ’) आणि एक जेपीजी, तर दोघांना एकच नाव मिळालं पाहिजे, फक्त शेपूट वेगळं. यादीत त्या दोन ओळी एकमेकींखाली ठेवा.

उद्या सुरुवात करायची तर सगळे अठरा खंड घेऊ नका. ज्या खंडाचे फोटो पहिल्या आठवड्यात काढले तो घ्या, कारण हात बसायच्या आधीच्या चुका त्यातच जास्त असतील. त्याची यादी करा, दर पन्नासावा फोटो ताडा, दोन घड्याळांतला फरक काढा. विद्यार्थ्याला शेजारी बसवा: तो आकडे वाचेल, तुम्ही पानं. त्या एका खंडाची यादी माझ्याकडे पाठवलीत तर नवी नावं लागू करायच्या आधी मी ती ओळ न् ओळ बघून देईन.